वल्हे हातांनी मारायचे नसते

साठीच्या पुढची एखादी स्त्री खांदा किंवा कंबर धरून माझ्या दवाखान्यात आली, की औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मी तिला एक प्रश्न विचारतो : "घरात कोणी अंथरुणाला खिळले आहे का?" पुष्कळदा उत्तर होकारार्थी येते. कोणाच्या पतीला पक्षाघात झालेला असतो, कोणाच्या सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडलेले असते. रोज उठवणे, बसवणे, कुशीवर वळवणे, न्हाणीपर्यंत नेणे हे सारे ती एकटी करीत असते. आणि ते इतके अंगवळणी पडलेले असते की दुखण्याचे कारण म्हणून ते सांगावे, असे तिला सुचतही नाही.

व्यवसायाची पहिली वीस वर्षे मी हा प्रश्न विचारीत नसे. तो विचारण्याची सवय मला कशी लागली, हे सांगताना वाचकहो, आज आपल्याला थोडे पाण्यात न्यावे लागणार आहे.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही कुटुंबासह मालवणजवळच्या देवबागला गेलो होतो. कर्ली नदी तेथे समुद्राला मिळते. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. खाडीत हिंडण्यासाठी तेथे कयाक भाड्याने मिळतात. ज्यांनी कयाक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : ती एक-दोन माणसांपुरती लांबट, अरुंद नाव असते. वल्हे एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना पाती. ते छातीसमोर आडवे धरायचे आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाण्यात घालीत पुढे जायचे. दोन वल्ह्यांची होडी वल्हवणारा पाठमोरा बसलेला असतो. कयाकमध्ये मात्र आपले तोंड जायच्या दिशेलाच असते.

ही नाव मूळची ग्रीनलंड आणि उत्तर ध्रुवाजवळच्या इतर प्रदेशांतील इन्युइट लोकांची. जेथे झाड म्हणून उगवत नाही तेथे समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा बांधायचा, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे आणि गोठवणाऱ्या पाण्यात शिकारीला जायचे, अशी त्यांची रीत. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांचे वल्हे फार अरुंद पात्याचे असे. रुंद पाते एका क्षणात पुष्कळ पाणी धरते आणि खांद्याला हिसका देते; अरुंद पाते तेच काम सबुरीने करते. ज्याला दिवसभर वल्हवायचे आहे आणि उद्या पुन्हा वल्हवायचे आहे, त्याची ही निवड होती.

मला अर्थातच यातले काही ठाऊक नव्हते. मी पैठणचा. गोदावरीच्या घाटावरून उड्या मारीत पोहायला शिकलेला. पाण्याचे मला कौतुक वाटते, भय वाटत नाही. कयाकमध्ये बसलो, वल्हे मुठीत घट्ट आवळले आणि दोन्ही दंडांचा जोर लावून पाणी मागे लोटू लागलो. पाणी खूप उडाले. नाव फार पुढे गेली नाही. कयाक देणारा मुलगा काठावरून ओरडत होता, "काका, हात नको, अंग फिरवा!" मला वाटले, तो माझ्या सुटलेल्या अंगाविषयी काहीतरी बोलतो आहे. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केले आणि तासभर तसाच झुंजत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांग पाडण्यासाठी उजवा हात वर नेला, तो खांद्याच्या पातळीवरच अडकला.

पैठणला परतल्यावर मी रुग्ण तपासत होतो ते हात अंगालगत ठेवूनच. त्या दिवसांत माझे एक जुने रुग्ण रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले. वय ७४. नाथसागरात मासेमारी करण्यात त्यांचा जन्म गेला. नाथसागर म्हणजे आमच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. धरणाची भिंतच सुमारे दहा किलोमीटर लांब. पाणी भरलेले असले की पैलकाठ दिसत नाही. वारा सुटल्यावर त्यावर ज्या लाटा उठतात त्या पाहून नवख्या माणसाला तो समुद्रच वाटावा. या पाण्यावर बाबांनी पन्नासेक वर्षे वल्हे चालवलेले. मी त्यांचा खांदा तपासायला घेतला, तर हात कानाला लागेपर्यंत सरळ वर गेला. माझा जात नव्हता.

त्यांनी सारी हकिकत ऐकून घेतली, हसले आणि म्हणाले, "साहेब, हाताला कशाला शिणवलं? हात म्हंजे नुसता आकडा. वढायचं काम पाठीचं, रेटायचं काम पायाचं."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर काठावर गेलो. त्यांचे वाहन म्हणजे आमच्याकडे ज्याला चप्पू म्हणतात ते : थर्माकोलचे जाड तुकडे बांधून केलेला तराफा. (या चप्पूंविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. याच जलाशयाच्या काठी, गंगापूर तालुक्यातील भिवधानोरा गावच्या मुलांना थर्माकोलवर बसून शाळेसाठी पाणी ओलांडावे लागत होते. २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. चप्पू हे कौतुकाने पाहण्याचे वाहन नव्हे, हे आपण ध्यानात ठेवावे.) बाबांनी तो दोरीने काठाला बांधून ठेवला, मला गुडघाभर पाण्यात त्यावर बसवले आणि हातात वल्हे दिले. त्यानंतर तासभर त्यांनी मला जे शिकवले, ते मी पुढे कयाकच्या जाणकारांकडून पुन्हा ऐकले. शब्द वेगळे, पण सांगणे तेच.

सुरुवात बसण्यापासून. पाठ टेकून, रेलून बसणाऱ्याला वल्हवता येत नाही. बसायच्या हाडांवर ताठ बसायचे आणि कमरेतून किंचित पुढे झुकायचे. गुडघे थोडे वाकलेले, आणि तळपायांना रेटा द्यायला काहीतरी पक्के हवेच. कयाकमध्ये त्यासाठी पायटे असतात. बाबांनी चप्पूवर एक आडवा बांबू बांधून ठेवला होता. पायाला टेकू नसेल तर पाठीचा जोर वल्ह्यापर्यंत पोहोचतच नाही.

मग पकड. वल्हे डोक्यावर आडवे ठेवून धरावे. दोन्ही कोपरांशी काटकोन झाला की हातांमधले अंतर योग्य झाले. ही कयाकची रीत. बोटांची पकड कशी असावी, हे बाबांनी एका वाक्यात सांगितले : चिमणीचे पिल्लू धरावे तशी. जो हात ओढतो आहे त्याने आकड्यासारखे अडकवायचे. जो हात वरून पुढे जातो आहे त्याची बोटे उघडली तरी चालतात. मनगट सरळ. ते दर वेळी वाकले, तर तासाभरात मनगटाच्या स्नायुबंधांना सूज येऊ लागते.

आता खरी गोष्ट. उजवीकडे वल्हे घालायचे असेल, तर आधी उजवा खांदा पुढे आणायचा, म्हणजे छाती डावीकडे वळवायची. सदऱ्याचे वरचे बटण एखादा दिवा आहे असे समजा. त्याचा उजेड डावीकडच्या काठावर पडला पाहिजे. हात जवळजवळ सरळ. या स्थितीत पाते पायांच्या बोटांजवळ, नावेच्या अगदी लगत, आवाज न करता पूर्ण बुडवायचे. ते पूर्ण बुडेपर्यंत ओढायचे नाही. माझी पहिली चूक हीच होती : अर्धे बुडालेले पाते मी ओढत होतो, म्हणून पाणी उडत होते आणि नाव जागच्या जागी राहत होती. पाते बुडाले, की उजव्या पायाने टेकूला रेटायचे आणि वळवलेले अंग उलगडायचे. बटणाचा उजेड डावीकडून उजवीकडे जाऊ लागतो. कोपर फारसे वाकत नाही. डावा हात, म्हणजे वरचा हात, खांद्याच्या खालूनच आडवा पुढे जातो. पाते कमरेशी आले की ते पाण्याबाहेर काढायचे. कमरेच्या मागे नेलेले वल्हे नावेला पुढे नेत नाही, नुसते पाणी वर उचलते. आणि एव्हाना डावा खांदा आपोआप पुढे आलेला असतो; डावीकडची तयारी वेगळी करावी लागत नाही.

"पाणी माघं सारू नका साहेब," बाबा म्हणाले. "वल्हं पाण्यात रोवायचं, आन् आपण तिथवर जायाचं."

हे वाक्य मी त्यानंतर कितीदा आठवले असेन! पाणी जड आहे, ते जागचे हलवण्यात शक्ती वाया जाते. वल्हे पाण्यात जणू खुंट्यासारखे स्थिर होते आणि नाव त्या खुंट्याकडे सरकते.

यात शरीरशास्त्र काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. खांद्याचा सांधा हा शरीरातील सर्वांत मोकळा आणि म्हणूनच सर्वांत नाजूक सांधा. दंडाच्या हाडाचा मोठा गोल डोका एका उथळ, लहानशा वाटीवर टेकलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवतात ते भोवतालचे चार लहान स्नायू. हात खांद्याच्या वर नेऊन जोर लावला की वरच्या हाडाखालच्या चिंचोळ्या जागेत त्यांचे बंध चेमटतात. चाळिशी-पन्नाशीनंतर हे बंध झिजलेलेही असतात. मधुमेह असेल तर खांदा आखडण्याचा संभव आणखी वाढतो. याउलट पाठीचा रुंद स्नायू, पोटाचे तिरके स्नायू, मांड्या आणि नितंब हे शरीरातले धष्टपुष्ट गडी. तेच काम त्यांच्याकडून करून घेतले तर ते सहज करतात. मिनिटाला पन्नास वेळा वल्हे मारले, तर तासाला तीन हजार वेळा होते. तीन हजार वेळा चार लहान स्नायूंना राबवायचे, की त्यांच्या थोरल्या भावंडांना?

ज्या शर्यतींमध्ये दोन वल्ह्यांची नाव पाठमोरे बसून वल्हवतात, तिच्यात तर बैठकच सरकती असते आणि जोराचा मोठा वाटा पायांचा असतो. आपल्या नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे दुष्काळी गाव आहे. तेथला दत्तू भोकनळ हा विहिरी खोदणाऱ्या घरातला मुलगा सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने एकट्याच्या नावेत तेरावे स्थान मिळवले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्णपदक आणले. विहीर खोदणाऱ्याच्या पाठीत आणि पायांत काय असते, याची मला त्याची कथा वाचताना नव्याने कल्पना आली.

आणि वयाचे म्हणाल, तर पोलंडचे अलेक्झांडर डोबा यांचे नाव सांगतो. त्यांनी कयाकमधून एकट्याने तीनदा अटलांटिक महासागर ओलांडला. पहिल्यांदा २०१०-११ मध्ये, तेव्हा ते ६४ वर्षांचे होते. तिसऱ्यांदा २०१७ मध्ये, अमेरिकेहून फ्रान्सपर्यंत ११० दिवसांत. किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांचा ७१वा वाढदिवस काही दिवसांवर आला होता. हे उदाहरण मी अनुकरणासाठी देत नाही, हे उघड आहे. परंतु सत्तरीचा माणूस दंडाच्या बळावर महासागर ओलांडू शकत नाही, एवढे तरी त्यावरून पटावे. लांबच्या पल्ल्यावर निघालेले कयाकवाले ताशी पाच-सहा किलोमीटरच्या आसपास जातात. त्याहून फार वेग वाढवला तर पाण्याचा विरोध भराभर वाढतो; थोड्याशा वेगासाठी पुष्कळ दम खर्च होतो. म्हणून बोलत बोलत वल्हवता येईल एवढीच गती ठेवायची, तहान लागण्याआधी पाणी प्यायचे, आणि जोर लावताना श्वास सोडायचा. शेवटची सूचना हृदयविकार व रक्तदाब असणाऱ्यांनी अधोरेखित करून ठेवावी. श्वास कोंडून, मुठी आवळून केलेल्या श्रमाने रक्तदाब एकाएकी चढतो. मग ते वल्हे असो, अडकलेली खिडकी असो किंवा अंथरुणावरचा माणूस असो.

अंथरुणावरचा माणूस. आता मला माझ्या वडिलांविषयी सांगितले पाहिजे.

आठ वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला आणि डावी बाजू लुळी पडली. रुग्णालयातून घरी आणल्यावर सारी शुश्रूषा आईने केली. मी दवाखान्यातून दुपारी आणि रात्री येऊन हात लावीत असे. त्यांना पलंगावरून उठवताना मी काय करीत असे? त्यांच्या समोर उभा राहून, त्यांचा डावा हात धरून, त्यांना ओढून बसते करीत असे. डावाच हात, कारण पलंगाची ती बाजू माझ्याकडे होती. मी डॉक्टर आहे. लुळ्या पडलेल्या खांद्याभोवतीचे स्नायू सैल झालेले असतात, सांधा केवळ कातडी आणि बंधांच्या आधाराने लोंबत असतो, तो ओढला तर वाटीतून खाली घसरतो, हे मी परीक्षेत लिहून उत्तीर्ण झालो होतो. घरी आल्यावर ते सारे विसरून मी माझ्या वडिलांना एखाद्या गोणीसारखा हाताला धरून ओढत होतो. आई माझे पाहून तसेच करू लागली.

तिसऱ्या महिन्यात त्यांच्या डाव्या खांद्यात कळा सुरू झाल्या. त्यांची वाचा अस्पष्ट झाली होती, परंतु हात धरायला गेलो की ते डोळे मिटून घेत. पक्षाघातानंतर खांदा दुखतोच, अशी मी स्वतःची समजूत घातली. तो पुष्कळांचा दुखतो, हेही खरे. पण त्यांच्या खांद्याला मी काय केले ते मला ठाऊक आहे. ती वेदना शेवटपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे, त्यांच्या सोबत होती. याच काळात आईची कंबरही कायमची धरली.

बाबांच्या चप्पूवर बसून "हात म्हंजे नुसता आकडा" हे वाक्य ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर माझा खांदा नव्हताच.

त्या दिवसापासून घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना मी जे दाखवतो, ते आता आपल्यालाही सांगतो. रुग्णाचा लुळा हात कधीही धरून ओढू नये. काखेत हात घालून उचलू नये. झोपलेल्याला बसवायचे असेल तर आधी त्याचे गुडघे वाकवून त्याला कुशीवर वळवावे. लुळ्या कुशीवर वळवताना तो खांदा अंगाखाली दडपणार नाही, असा आधी थोडा पुढे घ्यावा. मग त्याचे पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडावेत. पायांचे वजन खाली जाते, आणि आपला एक हात त्याच्या पाठीमागे खांद्याच्या फऱ्यावर, दुसरा कमरेशी ठेवला की धड सहज वर येते. पाते कोठे रोवायचे हे येथेही महत्त्वाचे आहे : हात त्याच्या धडाला लावायचे, हातापायांना नाही.

उभे करून खुर्चीत बसवायचे असेल तर खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, पलंगालगत ठेवावी. चाकांची असेल तर चाके अडवावीत. रुग्णाच्या कमरेला रुंद पट्टा बांधावा. पट्टा नसेल तर सुती लुगड्याची पक्की घडी चालते. आपण त्याच्या अगदी जवळ, पाय फाकवून, एक पाय पुढे एक मागे असे उभे राहावे. गुडघे वाकवावेत, पाठ ताठ ठेवावी. आपल्या गुडघ्यांनी त्याच्या लुळ्या गुडघ्याला समोरून आधार द्यावा. पट्टा दोन्ही हातांनी धरावा, दंड अंगालगत ठेवावेत. मग "एक, दोन, तीन" म्हणून, श्वास सोडत, आपले वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर न्यावे. ओढायचे नाही. आपण मागे सरकलो की रुग्ण पुढे झुकतो, त्याचे नाक त्याच्या पायांच्या बोटांवर येते आणि तो उठतो. आकडा पट्ट्यात, जोर पायांत. आणि त्याला स्वतःला जेवढे करता येईल तेवढे करू द्यावे. त्याचा चांगला पायही रेटा देणारच आहे.

येथे मात्र वल्ह्याची उपमा थांबवावी लागते. वल्हवताना आपण बसलेलो असतो आणि अंगावर भार हलका असतो, म्हणून धड फिरवणे चालते, किंबहुना तेच हवे असते. माणसाचे वजन हातात असताना पाठीचा कणा पिळणे घातक आहे. खुर्चीकडे वळायचे तर लहान लहान पावले टाकीत पायच वळवावेत. रुग्ण घरातल्या एकटीच्या शक्तीबाहेरचा असेल, तर दुसऱ्या माणसाला बोलावल्याखेरीज उठवू नये. शेजाऱ्यांना रोज काय बोलवायचे, असा संकोच मला पैठणच्या गल्लीगल्लीत दिसतो. दिवसातून सहा वेळा उठवले तर वर्षाला दोन हजारांहून अधिक वेळा होते. एवढा लांबचा पल्ला कोणीही एकट्याने मारू नये. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून आपल्या पलंगावर, आपल्या खुर्चीत हे करून पाहावे. लेख वाचून पाण्यात उतरू नये, तसेच हेही.

ज्यांना कोणाला उचलायचे नाही, पण स्वतःची पाठ आणि खांदे राखायचे आहेत, त्यांच्यासाठी कोरड्या जमिनीवरची एक सोपी रीत आहे. हात नसलेल्या भक्कम खुर्चीत पुढे सरकून ताठ बसा, तळपाय जमिनीवर पक्के. झाडूची काठी छातीसमोर आडवी, सैल धरा. छाती सावकाश डावीकडे वळवा, काठीचे उजवे टोक जमिनीच्या दिशेला पुढे न्या, उजव्या पायाने जमीन हलकेच रेटा आणि श्वास सोडत उलगडा. मग दुसरी बाजू. कमरेचा नव्हे, बरगड्यांचा भाग वळतो आहे असे वाटले पाहिजे. आरंभी प्रत्येक बाजूला पाच वेळा पुरे. मणक्याचे हाड चेपलेले असेल, हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. आणि ज्यांना खरोखरच वल्हवून पाहायचे असेल त्यांनी शांत पाण्यात, जाणत्या माणसाबरोबर आणि अंगात तरंगजाकीट घालूनच. नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. परवानगीवाचून तेथे नाव घालू नये. माझ्या बाबांनाही मी जाकीट आणून दिले आहे. ते त्याची उशी करतात.

माझा खांदा पाच महिन्यांनी मोकळा झाला. आई आता ८१ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला मी ही काठीची रीत शिकवू लागलो, तेव्हा दोन वेळा अंग फिरवून झाल्यावर ती थांबली.

"हे तर जात्याचंच आहे," ती म्हणाली. "जात्यावर बसल्यावर हातानं कोण दळतं? खुंटा धरायचा नि अंग फिरवायचं. पायलीभर दळायचे मी, हात कधी दुखला नाही."

मी म्हणालो, "हो, तेच."

"मग तुझ्या वडिलांना उठवताना का नाही सांगितलंस?"

मला तेव्हा ठाऊक नव्हते, असे मी म्हणालो. ते अर्धेच खरे होते. ती थोडा वेळ काठीकडे पाहत राहिली. नंतर तिने विचारले, "किती झाले? दोन का तीन?" मी दोन म्हणालो, आणि तिने तिसऱ्यांदा अंग वळवले.